उदासीन: स्तुती की तक्रार?

'उदासीन' हा शब्द मराठीत दोन ठिकाणी हमखास भेटतो, आणि दोन्हीकडे त्याची पत वेगळी असते. 'रस्त्याच्या दुरुस्तीबाबत प्रशासन उदासीन' असे वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा ती उघड तक्रार असते. गीतेच्या बाराव्या अध्यायात मात्र भगवंताला प्रिय असलेल्या भक्ताच्या गुणांत हाच शब्द मोजला आहे. त्याचे भावंड 'उदास' तर रोजच्या बोलण्यात नुसते खिन्न होऊन बसले आहे.

मूळ संस्कृत अर्थाला यातले काहीच ठाऊक नाही. उद् आणि आस् मिळून वर किंवा बाजूला बसणे, एवढेच त्यात आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त राज्यमंडळाची मांडणी येते. तिथे विजिगीषू (जिंकू पाहणारा राजा), त्याचा शत्रू आणि मध्यम राजा यांच्या पलीकडे असणारा आणि त्या सर्वांहून बलवान असा राजा 'उदासीन' म्हटला आहे. तो बाजूला बसतो, पण दुबळा आहे म्हणून नव्हे.

या कुळातल्या इतर शब्दांतही एकेक चित्र दडलेले आहे. तटस्थ काठावर उभा असतो, त्रयस्थ दोघांच्या भांडणात तिसऱ्या जागी. अलिप्ताला काही माखलेले नसते. विरक्ताचा रंग उडालेला असतो, कारण 'रक्त' म्हणजे रंगलेला. 'बेपर्वा' आणि 'बेफिकीर' फारसीतून आले आणि थेट दोषाच्या खात्यात बसले. 'अलिप्त'चे नशीब सर्वांत चमत्कारिक म्हणावे लागेल. 1961 च्या बेलग्रेड परिषदेतून उभ्या राहिलेल्या राष्ट्रगटाला हिंदीने 'गुटनिरपेक्ष' असे कोरडे नाव दिले, तर मराठीने 'अलिप्त' म्हटले आणि अध्यात्मातला शब्द परराष्ट्र धोरणाच्या कामाला जुंपला.

कोणता शब्द गुणाचा आणि कोणता दोषाचा, याची खूण बऱ्याचदा शब्दयोगी अव्ययात सापडते. माणूस मोहापासून अलिप्त असतो, संसारातून विरक्त होतो. दोषाचे शब्द मात्र 'बाबत', 'विषयी', 'कडे' यांच्या आधाराने येतात: मतदानाबाबत उदासीन, सुरक्षेविषयी बेपर्वा, मुलांकडे दुर्लक्ष. 'पासून' आणि 'तून' सुटका सांगतात. 'बाबत' आणि 'कडे' एखाद्या कामाकडे बोट दाखवतात आणि ते झाले नाही म्हणून जाब विचारतात. नियम म्हणावा इतके हे पक्के नाही. तरी बाराव्या अध्यायातल्या 'उदासीन'ला कसलेच 'बाबत' जोडलेले नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इंग्रजीतही अशीच घसरण झाली. 'इनडिफरंट' म्हणजे आज कशाचेच काही न वाटणारा, पण पूर्वी तो निःपक्षपाती होता. सत्ताधाऱ्यांनी 'इनडिफरंट' न्याय करावा, अशी प्रार्थना इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात होती. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे निःस्वार्थ आणि 'अनइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला, हा भेद शाळेत शिकवतात, व्यवहारात तो रोज मोडतो. स्टोइक तत्त्वज्ञांची 'अपाथिया' ही विकारांपासूनची मुक्ती होती. तिचीच आजची 'अपथी' म्हणजे मरगळ.

दोन भाषांत एकच घसरण व्हावी याला कारण असले पाहिजे. असे शब्द पाहणाऱ्याने दिलेले असतात. पाहणाऱ्याला एवढेच दिसते की समोरचा रडत नाही, धावत नाही, बाजूला बसला आहे. आत हाव संपली आहे की जिव्हाळा, हे बाहेरून कळत नाही.

धर्मग्रंथकारांना हा धोका ठाऊक होता. पाचव्या शतकात बौद्ध पंडित बुद्धघोषाने 'विसुद्धिमग्गा'त आसक्ती आणि द्वेष हे उपेक्षेचे, म्हणजे समभावाचे, दूरचे शत्रू सांगितले. जवळचा शत्रू म्हणून अज्ञानातून येणारी उपेक्षा सांगितली. जवळचा अशासाठी, की ती दिसते हुबेहूब तशीच. जैन 'तत्त्वार्थसूत्रा'ने आणखी नेमकेपणा आणला. तिथे माध्यस्थ्य, म्हणजे तटस्थ राहणे, सरसकट सर्वांसाठी नाही. जीवमात्राशी मैत्री, गुणवंतांविषयी आनंद, क्लेशात असलेल्यांवर करुणा. माध्यस्थ्य फक्त शिकवूनही न शिकणाऱ्यांच्या वाट्याला. दुःखी माणसासमोर मध्यस्थ होऊन बसणे ही त्या हिशेबाने सरळ चूक ठरते. गीतेच्या त्या श्लोकातही 'उदासीन'च्या शेजारी 'दक्ष' बसवला आहे. हा शेजार मुद्दाम केलेला वाटतो.

वाशिम जिल्ह्यातील कारंज्याला या विचाराचे जैन आणि हिंदू असे दोन्ही धागे एकत्र मिळतात. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांची इथे जुनी पीठे आहेत, आणि नृसिंहसरस्वतींचे हे जन्मस्थान. काशीला संन्यास घेतलेले नृसिंहसरस्वती आईला दिलेल्या शब्दाप्रमाणे पुन्हा कारंज्याला येऊन आईवडिलांना भेटले, असे 'गुरुचरित्र' सांगते. घर सुटले होते, शब्द सुटला नव्हता.

शेजारच्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा (1876–1956) हे त्याहून जवळचे उदाहरण. एकुलत्या एका मुलाच्या मृत्यूची बातमी कीर्तनात आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही. एवढीच गोष्ट सांगितली तर ते कठोर वाटतील. पण याच माणसाने यात्रेकरूंसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, आणि दिवसा गावाचे रस्ते झाडून रात्री कीर्तन केले.

वऱ्हाडी बोलीला यातले कोणतेच शब्द लागत नाहीत. मृगात पेरलेले सोयाबीन पावसाने दडी मारल्यामुळे उगवले नाही, तर 'जाऊ दे नं बाप्पा' म्हणतात. कोणाचा बैल डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या तुरीत शिरला तरी 'जाऊ दे नं बाप्पा' म्हणतात. पहिला दुसऱ्या दिवशी बियाण्याच्या पिशव्या मोजून दुबार पेरणीच्या हिशेबाला लागतो. दुसरा धुऱ्यावर बसलेला असतो, आणि बैल तुरीत.