पंधरावी जागा

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, जानेवारीचा पहिला आठवडा तळाच्या खेळाडूंच्या जिवाला घोर लावतो. प्रत्येक संघाच्या यादीत नियमित जागा पंधरा. वरच्या खेळाडूंचे करार कोट्यवधी डॉलरचे आणि पूर्ण हमीचे असतात. गुडघा गेला, फॉर्म गेला, प्रशिक्षकाशी बिनसलं, तरी ठरलेले पैसे मिळतात. तळाच्या दोन-तीन जागांवरचे करार मात्र पुष्कळदा बिनहमीचे असतात. जितके दिवस संघात, तितक्या दिवसांचा पगार. संघाने काढलं की हिशेब संपला.

या खेळाडूंना थोडा आधार मिळावा म्हणून एक नियम आहे. १० जानेवारीला जो अजून यादीत आहे, त्याला उरलेल्या हंगामाच्या पगाराची हमी मिळते. मात्र काढलेल्या खेळाडूला आधी दोन दिवस इतर संघांसाठी खुलं ठेवावं लागतं, आणि तो काळ १० तारखेआधी संपावा लागतो. त्यामुळे खरा निर्णय ७ जानेवारीला होतो. त्यातच ५ जानेवारीपासून दहा-दहा दिवसांचे करार करायला परवानगी असते. ऑक्टोबरपासून संघासोबत घाम गाळलेल्या माणसाला ७ तारखेला निरोप द्यायचा आणि त्याच जागेवर दहा दिवसांचा गडी आणून बसवायचा, हे नियमात चोख बसतं. खेळाडूला सांभाळायला आखलेली तारीखच त्याला काढण्याची तारीख होऊन बसते.

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने ठरवलं की बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं की ती वर्षभराची सलग सेवा धरायची. मग कामगाराला कमी करताना नोटीस द्यावी लागते आणि भरपाईही. हेतू अगदी चांगला. पण २४० दिवस भरत आले की ‘ब्रेक’ द्यायचा, ही रीत याच हेतूच्या पोटी जन्मली. अकरा महिन्यांची ऑर्डर त्याच घराण्यातली. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक वर्षानुवर्षं एकाच कॉलेजात एकच विषय शिकवतात आणि दर जूनमध्ये पुन्हा नवखे ठरतात. हमीचा एक दिवस नेमला की त्याच्या आदल्या दिवसाची किंमत वाढते. ती किंमत ज्याच्या हातात यादी असते तो वसूल करतो.

दिवस न नेमता हमी देता येते का? त्याचं एक फार जुनं उत्तर तंजावूरला कोरलेलं आहे. मराठी माणूस बृहदीश्वराच्या देवळात जातो तो बहुधा सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख पाहायला. त्याच देवळाच्या आवारभिंतीवर, त्याच्या सुमारे आठशे वर्षं आधीचा, राजराज चोळाचा एक तमिळ लेख आहे. चोळमंडळातल्या ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची ती यादी. तिरुवारूर, तिरुवैयारू, नागपट्टणम अशी गावं त्यात येतात. कोणत्या रस्त्याची कोणती रांग, त्यातलं कितवं घर, तिथे राहणारीचं नाव काय आणि ती कुठल्या देवळातून आली, असं चारशे वेळा. प्रत्येकीला एक घर आणि एक वाटा. वाटा म्हणजे एक वेली, सुमारे साडेसहा एकर, जमिनीचं उत्पन्न, वर्षाला शंभर कलम (धान्याचं जुनं माप) भात. पुढे नृत्याचे गुरू, वादक, शिंपी, कुंभार, परीट, न्हावी, हिशेबनीस यांचेही वाटे आहेत.

मला थक्क करतं ते यादीसोबतचं कलम. वाटेकरी मेला किंवा गाव सोडून गेला तर त्याच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाने ते काम करावं आणि भात घ्यावा. नातेवाइकाच्या अंगी तो गुण नसेल तर त्याने लायक माणूस निवडावा. नातेवाईकच नसेल तर त्याच कामावरच्या इतरांनी लायक माणूस निवडावा. जागा रिकामी ठेवायची नाही, ती नालायकाला द्यायची नाही, आणि अखेरची निवड सहकाऱ्यांची. इतकं नीट बांधलेलं कलम मला आजच्या फारशा नेमणूकपत्रांत दिसलेलं नाही.

तरी या व्यवस्थेचे गोडवे मी गाणार नाही. इथे हमी जागेला होती. त्या चारशे जणींना आणलं गेलं. नृत्य सोडून दुसरं काही करावं, दुसऱ्या देवळाकडे अधिक भात मागावा, याला त्या भिंतीवर वाट दिलेली नाही. एनबीएचे खेळाडूही एके काळी असेच संघाला जखडलेले होते. करार संपला तरी हक्क संघाचाच राहायचा. ऑस्कर रॉबर्टसनने खेळाडूंच्या संघटनेतर्फे १९७० मध्ये दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली आणि संघ निवडण्याची मोकळीक खेळाडूंना हळूहळू मिळत गेली. स्वातंत्र्याच्या बदल्यात असुरक्षितता पत्करावीच लागते असं पुष्कळ जण मानतात. मला ते पटत नाही. वरच्या दहा जणांना दोन्ही मिळालेलं आपण डोळ्यांनी पाहतो.

हमीचं आणखी एक अंग तंजावूरच्या भोसल्यांनी सोसलं. १७९९च्या तहाने सरफोजीराजांनी कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. बदल्यात किल्ला, दरसाल एक लाख स्टार पॅगोडा (सोन्याची नाणी) आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळाला. ठरलेली रक्कम आणि वर उत्पन्नात वाटा, हे कलम कागदावर भक्कम होतं. त्या पैशावर सरस्वती महालातला ग्रंथसंग्रह वाढला, गवई आणि नर्तक पोसले गेले. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुत्राविना वारले. कंपनीने राज्य खालसा केलं आणि खासगी मालमत्तेवरही हात ठेवला. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. ही राज्यसत्तेची कृती आहे, ती न्याय्य होती की नव्हती हे तपासायचा अधिकारच न्यायालयाला नाही, असं ठरलं. १८६२ मध्ये सरकारने जमीनजुमला राण्यांकडे परत दिला, तो मेहेरबानी म्हणून. राजघराण्याची ही गत, तर दरबारच्या गवयांची दाद कोण घेणार? अनेकांनी मद्रासची वाट धरली. हमीमागे दाद मागायची जागा लागते, आणि एनबीएच्या तळच्या खेळाडूकडे ती निदान संघटना आणि लवाद यांच्या रूपाने आहे. आपल्याकडे यूबीए नावाची बास्केटबॉल लीग २०१५ मध्ये सुरू झाली आणि काही हंगामांत थांबली. असं झालं की खेळाडूने जायचं कुठे?

म्हणून आपला बास्केटबॉलपटू रेल्वे, बँक, पोलीस यांच्या खेळाडू कोट्यातली नोकरी धरतो. ‘पक्की नोकरी लागली की खेळ संपतो’ हा टोमणा मी अनेकदा ऐकला आहे. गीतू अन्ना जोसचं उदाहरण वेगळं सांगतं. कोट्टायमची ही सहा फूट दोन इंचांची खेळाडू दक्षिण रेल्वेत होती. २०११ मध्ये शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनिओ या तीन संघांनी तिला डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या लीगच्या, निवड चाचणीसाठी बोलावलं. तेव्हा त्या लीगमध्ये बारा संघ होते आणि प्रत्येकी अकरा जागा. साऱ्या जगासाठी १३२ खुर्च्या. तिला करार मिळाला नाही. ती परतली आणि भारताकडून खेळत राहिली. २०१४ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. माघारी नोकरी होती म्हणूनच अशी उडी घेता येते, असं मी मानतो. भीतीने माणूस धावतो खरा, पण चुकण्याची जोखीम घेऊन नवं काही शिकायला पोटाची निश्चिंती लागते.

खर्चाचं कारण पुढे केलं जातं, तर आकडे पाहू. २०२४-२५च्या हंगामात एनबीए संघाची पगारमर्यादा १४ कोटी डॉलरच्या वर होती आणि नवख्याचा किमान पगार सुमारे साडेअकरा लाख. म्हणजे पंधराव्या माणसाचा अख्ख्या वर्षाचा पगार मर्यादेच्या एक टक्क्याहूनही कमी. त्याला सांभाळणं परवडत नाही असं म्हणताच येणार नाही. सांभाळावं लागत नाही, एवढंच.

हमी एका तारखेला सगळीच्या सगळी देण्याऐवजी पहिल्या दिवसापासून थोडी थोडी साठत गेली पाहिजे. महिनाभर खेळला तर पुढच्या काही आठवड्यांचा पगार त्याच्या नावे पक्का, दोन महिने खेळला तर त्याच्या दुप्पट. एनबीएतल्या काही करारांत अशी टप्प्याटप्प्याने वाढणारी अंशतः हमी आजही लिहितात. ती सर्वांत खालच्या करारातही सक्तीची करायला हवी. चार महिने शिकवलेल्या प्राध्यापकाला त्या प्रमाणात सुटीचा पगार द्यायला हवा. दोनशे दिवस काम केलेल्याला दोनशे दिवसांच्या हिशेबाने भरपाई द्यायला हवी. मग २३९व्या दिवशी कोणाला काढून कोणाचेही पैसे वाचणार नाहीत.