न विचारलेले प्रश्न

धसईच्या आसपासच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. घरातल्या कुणावर खुनाचा खटला चालू असेल, तर तारखेला कल्याणच्या सत्र न्यायालयात जायचं म्हणजे मजुरी बुडवायची. उचल घेतलेली असेल तर मालकाची परवानगीही काढायची. वकील परवडत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कुणालाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तो मिळाल्यावर नेमकं काय करतो, हे मात्र कुणी पाहत नाही.

खालच्या कोर्टात शिक्षा लागली की घरच्यांची समजूत घातली जाते, ‘अपिलात बघून घेऊ.’ माझा आक्षेप या समजुतीला आहे. अपील चालतं ते खालच्या कोर्टात तयार झालेल्या कागदांवर. समजा, आरोपीने झुडपातून कोयता काढून दिल्याचं पंच सांगतो. तो त्या दिवशी खरंच तिथे होता की सही पोलीस ठाण्यात झाली, हे वकील विचारत नाही. साक्षीखाली नोंद होते, ‘उलटतपास नाही.’ काही वर्षांनी उच्च न्यायालयात नवा वकील त्या साक्षीचं इंग्रजी भाषांतर वाचतो, तेव्हा तो प्रश्न विचारायला समोर पंच नसतो. पुरावा आव्हानाविना राहिला, असा अर्थ निघतो. अपिलात जादा पुरावा घेण्याची किंवा फेरखटल्याचा आदेश देण्याची सोय कायद्यात आहे, पण ती अपवादानेच वापरली जाते.

आधीच्या वकिलाने खटला नीट चालवला नाही, एवढ्यावर निकाल फिरत नाही. त्यामुळे न्यायाची हानी झाली, हे दाखवावं लागतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८४ मध्ये स्ट्रिकलंड खटल्यात अशीच दुहेरी कसोटी घातली: वकिली निकृष्ट होती आणि ती तशी नसती तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती. ही सावधगिरी मला मान्य आहे. नाही तर हरलेला प्रत्येक जण वकिलाकडे बोट दाखवेल. पण हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे साधनं सर्वांत कमी, त्याच्यावरच पडतो.

मध्य प्रदेशातल्या खंडव्याच्या अनोखीलाल खटल्यात १९ फेब्रुवारी २०१३ रोजी आरोप ठेवले गेले आणि ४ मार्चला फाशी सुनावली गेली. बचावाच्या वकिलाला कागद वाचायलाही पुरेसा वेळ मिळाला नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द करून फेरखटला सांगितला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात मोफत वकिलाचा अनुभव किमान दहा वर्षांचा असावा आणि तयारीला साधारण किमान सात दिवस मिळावेत, असंही बजावलं. फेरखटल्यातही फाशीच झाली. अखेर २०२४ मध्ये तो निर्दोष सुटला. अकरा वर्षं गेली.

आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या हत्याकांडात भटक्या जमातीच्या सहा मजुरांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा दिली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे त्यानंतर निश्चित झालं. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. जखमी साक्षीदार बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं. तपासाचा दोष पोलिसांचा, हे खरंच. पण अशिलाचं वय काय, हे विचारायला वकिलाला कुठली साधनसामग्री लागते?

१९७८ मध्ये, महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या होस्कोट खटल्यात, कैद्याला निकालाची प्रत मोफत व लवकर आणि अपिलासाठी वकील मिळालाच पाहिजे, असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरवून दिलं. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात जायला सर्वसाधारणपणे साठच दिवस असतात, म्हणून ती प्रत महत्त्वाची. पण अपिलाची काळजी घेणाऱ्या व्यवस्थेने खटल्याचीही घ्यावी. आता जिल्ह्याजिल्ह्यात मोफत बचावासाठी लोकअभिरक्षक कार्यालयं उघडली आहेत, पूर्णवेळ वकील नेमले जात आहेत. हे चांगलंच आहे. त्यांना दोषारोपपत्र कधी मिळालं, तुरुंगात आरोपीला ते कधी भेटले, त्याची बोली त्यांना कळली का, हे पहिला साक्षीदार पिंजऱ्यात येण्याआधी न्यायाधीशांनी आरोपीलाच विचारावं आणि उत्तर रोजनाम्यात लिहावं. मग वकिली निकृष्ट होती असं पुढे म्हणायची वेळ आलीच, तर अपिलात दाखवायला एक कागद तरी असेल.