मातीची गाय आणि प्लॅस्टिकची पाणबुडी

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने सर्वाधिक बांधली ती सातव्या प्रकारची पाणबुडी. तिच्या 'सी' आवृत्तीची लांबी 67.1 मीटर होती. रेव्हेल कंपनीच्या 1:72 प्रमाणातल्या किटमध्ये हीच पाणबुडी 93 सेंटिमीटर भरते. खोक्यात करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि सुटे भाग त्या चौकटींना फांदीला लागलेल्या शेंगांसारखे चिकटलेले असतात. भाग निप्परने कापायचा, कापल्या जागी राहिलेला टोचरा कोपरा पॉलिश पेपरने घासायचा, बुडाचे अर्धे अर्धे भाग जोडून सांध्यात पुट्टी भरायची, रंग द्यायचा आणि सगळ्यात शेवटी पाण्यात भिजवून सुटी केलेली डेकल, म्हणजे छापील नावाची किंवा चिन्हाची पातळ पट्टी, बोटाने हळूच सरकवत जागेवर आणायची. हे सगळे झाल्यावर टेबलावर जे उभे राहते त्याला पाहणारा 'पाणबुडी' म्हणतो, आणि त्याला कुणी खोडून काढत नाही. ही वस्तू बुडत नाही, तरंगण्यासाठी केलेली नाही, तिच्यात माणूस मावत नाही. तरीही तो शब्द तिला लागू पडतो. तो का लागू पडतो, हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानाला पाणबुडीच्या कितीतरी आधी पडलेला होता.

गौतमाच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात शब्दाच्या अर्थाची चर्चा आहे. 'गाय' हा शब्द उच्चारला की त्याने नेमके काय सांगितले जाते? समोर उभी असलेली एक गाय, म्हणजे व्यक्ती? शिंगे, वशिंड, शेपूट यांची विशिष्ट मांडणी, म्हणजे आकृती? की सगळ्या गायींत असलेले गोत्व, म्हणजे जाती? या वादात जातीचा पक्ष मांडणारा एक अगदी घरगुती दाखला पुढे करतो: मातीची गाय. ती एक स्वतंत्र वस्तू आहे, म्हणजे व्यक्ती आहे. तिचा आकारही गायीचाच आहे. पण यज्ञात गायीवर पाणी शिंपडायला सांगितले, गाय आणायला किंवा दान द्यायला सांगितले, तर मातीची गाय कुणी पुढे करत नाही. म्हणजे व्यक्ती आणि आकृती दोन्ही असूनही काहीतरी कमी आहे, आणि जे कमी आहे ती जाती. सूत्रकाराचा अखेरचा निर्णय असा की शब्दाच्या अर्थात तिन्हींचा समावेश होतो. कुठे एक मुख्य असते, कुठे दुसरी.

प्लॅस्टिकची पाणबुडी ही तंतोतंत मातीची गाय आहे. टॉर्पेडो सोडण्याचा हुकूम तिला देता येत नाही.

महाराष्ट्रापुरते मात्र या दाखल्याला एक अडचण आहे, आणि ती दर श्रावणाच्या अखेरीस समोर येते. पोळ्याच्या दिवशी ज्यांच्या गोठ्यात बैल नाहीत ती घरे मातीच्या बैलांची जोडी पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदीबैल सजवून मिरवतात. न्यायसूत्रातला युक्तिवादी म्हणतो की मातीच्या गायीला विधी लागू होत नाही. इथे तर विधी मातीच्याच बैलाचा आहे. म्हणून त्याचा दाखला खोटा पडतो असे नाही. त्या पाटावरचा बैल शेतात जुंपला जाणार नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण आकृती असेल आणि तिच्यामागे माणसांचा ठराव असेल, तर जाती नसलेली वस्तूही खऱ्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते. प्रतिकृतीचा सगळा व्यवहार या ठरावावर चालतो. म्हणून आधी आकृती तपासावी लागते, मग ठराव.

आकृती वाटते तितकी साधी नाही. 1:72 म्हणजे लांबी 72 पटीने कमी. पण पृष्ठभाग 5,184 पटीने आणि घनफळ 3,73,248 पटीने कमी होते. सातव्या प्रकारच्या 'सी' पाणबुडीचे पृष्ठभागावर असतानाचे विस्थापन 769 टन. त्याला या आकड्याने भागले की साधारण 2 किलो येतात. किटचे पोकळ प्लॅस्टिक त्याहून हलके असते, म्हणून पाण्यात चालणारी रिमोटची पाणबुडी करणाऱ्यांना पोटात शिसे भरावे लागते. समुद्र मात्र लहान होत नाही. पाण्याची घनता तीच राहते, लाटेचा थेंब तेवढाच राहतो, आणि खोलीवरचा दाब कोणत्याही प्रमाणात खोक्यात भरता येत नाही. पाणबुडीला पाणबुडीपण देणारी गोष्ट म्हणजे तिचे पाण्याशी असलेले नाते, आणि नेमके तेच मोजपट्टीच्या बाहेर राहते.

दिसण्याच्या बाबतीतही अचूकपणा धोका देतो. प्लेटोच्या 'सोफिस्ट' या संवादात एलिआहून आलेला पाहुणा अनुकरणाचे दोन प्रकार पाडतो. एका प्रकारात मूळ वस्तूची मापे जशीच्या तशी राखली जातात. दुसऱ्यात पाहणाऱ्याच्या डोळ्याला बरोबर वाटावे म्हणून मापे जाणूनबुजून बिघडवली जातात; भव्य शिल्पाचा वरचा भाग खालून पाहताना लहान दिसतो, म्हणून शिल्पकार तो मोठा करतो. प्लेटोला दुसरा प्रकार संशयास्पद वाटतो. किट बांधणाऱ्याला तो टाळता येत नाही. खऱ्या पाणबुडीवरची 1 सेंटिमीटर रुंदीची फट 1:350 प्रमाणात 0.03 मिलिमीटर होते. ती साच्यात ओतता येत नाही आणि आली तरी दिसत नाही. म्हणून साचा बनवणारा ती कित्येक पट रुंद करतो. खऱ्या रंगाचा नमुना आणून तोच रंग लहान मॉडेलवर लावला तर तो गडद आणि जड वाटतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळणारे बरेच असतात. म्हणजे टेबलावरची पाणबुडी पटते ती खोटेपणाच्या योग्य मात्रेमुळे. इथे प्लेटोपेक्षा किट बांधणारा अधिक प्रामाणिक म्हणायला हवा. आपण कुठे खोटे केले हे त्याला मिलिमीटरमध्ये माहीत असते.

आकृतीत सामर्थ्य किती असते, याचा एक पुरावा अमेरिकेच्या संसदेत नोंदला गेला आहे. 'जॉर्ज वॉशिंग्टन' ही बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे वाहणारी पहिली अमेरिकी अणुपाणबुडी 30 डिसेंबर 1959 रोजी नौदलात दाखल झाली. तिच्यात 16 पोलॅरिस क्षेपणास्त्रे होती. थोड्याच काळात रेव्हेलने पोलॅरिस पाणबुडीचे किट बाजारात आणले आणि त्यात बाजू उघडून आतल्या खोल्या दाखवण्याची सोय ठेवली. नौदलाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी 1961 मध्ये संसदीय समितीपुढे तक्रार केली की 2.98 डॉलरच्या या खेळण्याने शत्रूला फुकटात माहिती पुरवली आहे. मातीच्या गायीपासून दूध मिळत नाही, पण गाय कशी असते हे तिच्यावरून कळते, एवढाच त्या तक्रारीचा मथितार्थ.

याच 'जॉर्ज वॉशिंग्टन'च्या जन्मकथेत व्यक्तीचा प्रश्न गुंतलेला आहे. 1957 मध्ये ग्रोटनच्या गोदीत तिची बांधणी सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'स्कॉर्पियन' होते आणि क्रमांक 589. ती साधी हल्लेखोर पाणबुडी होणार होती. क्षेपणास्त्र पाणबुडीची घाई झाल्यावर अर्धवट बांधलेल्या सांगाड्यात सुमारे 40 मीटर लांबीचा क्षेपणास्त्रांचा भाग बसवण्यात आला, नाव बदलले आणि क्रमांक 598 झाला. अंकांची नुसती अदलाबदल. मूळ नाव आणि मूळ क्रमांक दुसऱ्या एका पाणबुडीला देण्यात आले. ती दुसरी 'स्कॉर्पियन' मे 1968 मध्ये अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येला 99 माणसांसह बुडाली. 'जॉर्ज वॉशिंग्टन'च्या पुढच्या सुटकाद्वाराच्या आत मात्र जुन्या नावाची पट्टी शेवटपर्यंत राहिली होती.

आता 589 क्रमांकाची डेकल लावून कुणी मॉडेल बांधले, तर ते कशाचे? आकृतीचा विचार केला तर बुडालेल्या पाणबुडीचे. पण ज्या पोलादावर तो क्रमांक आधी ठरला होता ते पोलाद 1985 पर्यंत सेवेत राहिले, पुढे भंगारात गेले आणि त्याचा कॉनिंग टॉवरसारखा वर उठलेला भाग, ज्याला नाविक 'सेल' म्हणतात, तो ग्रोटनच्या संग्रहालयाबाहेर उभा आहे. थीसियसच्या जहाजाचे जुने कोडे फळ्या बदलण्याचे आहे: एकेक फळी बदलत गेल्यावर जहाज तेच राहते का? इथे फळ्या जागच्या जागी आहेत आणि नाव उठून दुसरीकडे गेले. नौदले हे सहज करतात. भारतीय नौदलाची पहिली 'कलवरी' 8 डिसेंबर 1967 रोजी दाखल झाली. ती सोव्हिएत बनावटीची होती. 14 डिसेंबर 2017 रोजी मुंबईत दाखल झालेली 'कलवरी' फ्रेंच आराखड्यावर माझगाव डॉकमध्ये बांधलेली आहे. एकही पत्रा, एकही वक्ररेषा समान नाही. तरी नौदलाच्या लेखी नाव पुढे चालू राहिले.

नाव आकृतीवर मात करते याचा सर्वांत स्पष्ट दाखला 'हनली'चा आहे. अमेरिकी यादवी युद्धात 17 फेब्रुवारी 1864 रोजी दक्षिणेकडच्या या हातांनी फिरवायच्या पाणबुडीने 'हाउसटॉनिक' हे जहाज बुडवले. शत्रूचे जहाज बुडवणारी ती पहिली पाणबुडी, आणि त्याच रात्री ती स्वतःही बेपत्ता झाली. त्याआधी 1863 मध्ये ती दोनदा बुडाली होती. 5 आणि 8 माणसे मेली, दोन्ही वेळा तिला वर काढून पुन्हा नवे खलाशी बसवले. शेवटच्या फेरीत आणखी 8. त्यानंतर जवळजवळ दीड शतक तिच्या प्रतिकृती जुन्या चित्रांवरून आणि आठवणीतून काढलेल्या रेखाटनांवरून होत राहिल्या, आणि त्यांत ती बॉयलरसारखी ओबडधोबड दिसे. 8 ऑगस्ट 2000 रोजी तिला समुद्रातून वर काढले तेव्हा ती बरीच सडसडीत, गुळगुळीत निघाली. जुनी मॉडेले चुकीची ठरली. पण ती चुकली ती 'हनली'च्या बाबतीत. ती दुसऱ्या कुठल्या पाणबुडीची बरोबर मॉडेले ठरली नाहीत. आकृती बिनसल्यावरही रोख कायम राहिला, कारण तो रोख बनवणाऱ्याच्या हेतूने धरून ठेवला होता.

हेतूने जड वस्तूला कुणाची तरी करणे, ही गोष्ट धर्माच्या परिचयाची आहे. पेणच्या कारखान्यात रांगेने ठेवलेल्या गणपतींवर कापड टाकलेले असते, कुणी एखादा उचलून रंग पारखतो, भाव करतो. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली की त्याच मूर्तीला धक्का लागू देत नाहीत, आणि उत्तरपूजेनंतर ती पुन्हा विसर्जनयोग्य माती होते. प्राचीन इजिप्तमधल्या मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात 1920 मध्ये लाकडी नौकांचा ताफा सापडला. त्यांत वल्हवणारे चिमुकले खलाशीही आहेत. त्या नौका शोभेच्या नव्हत्या. मेलेल्याला परलोकात त्या उपयोगी पडतील अशी धारणा होती. दोन्हीकडे प्रतिकृतीमागे विधी आहे. किटमागे तसा विधी नाही. त्यात विधीच्या सर्वांत जवळ जाणारा क्षण म्हणजे नावाची किंवा चिन्हाची डेकल लावणे.

डेकल लावेपर्यंत सातव्या प्रकारची ती 93 सेंटिमीटरची करडी वस्तू जवळपास 700 पाणबुड्यांपैकी कोणतीही नसते. हसऱ्या करवतमाशाचे चित्र चिकटवले की ती यू-96 होते, जिच्यावरून पुढे कादंबरी आणि 1981 चा चित्रपट झाला. लाल सैतान लावला की ती यू-552 होते, जिने ऑक्टोबर 1941 मध्ये अमेरिकेचे 'रुबेन जेम्स' हे जहाज बुडवले. जर्मन पाणबुडी दलातले सुमारे 30,000 लोक परतले नाहीत, म्हणजे चारांतले तीन; आणि त्यांनी बुडवलेल्या व्यापारी जहाजांवरचे खलाशीही त्याच समुद्रात आहेत. जर्मन कायद्यामुळे स्वस्तिकाच्या झेंड्याची डेकल काही कंपन्या तुकड्यांत छापतात. ते तुकडे जुळवायचे की नाही, हे बांधणाऱ्याने ठरवायचे.

रशियाच्या 'कुर्स्क' या पाणबुडीच्या बाबतीत नावाचा निर्णय कारखान्यातच होऊन गेलेला आहे. 12 ऑगस्ट 2000 रोजी बॅरेंट्स समुद्रात ती 118 माणसांसह बुडाली. स्फोटानंतर 23 जण मागच्या, नवव्या कप्प्यात काही काळ जिवंत होते. अंधारात लिहिलेली चिठ्ठी पुढे त्यांतल्या एकाच्या खिशात सापडली. 2001 मध्ये सांगाडा वर काढला तो फुटलेला पुढचा भाग कापून टाकून. रशियाच्याच झ्वेझ्दा कंपनीने 154 मीटरच्या या पाणबुडीचे 1:350 प्रमाणातले, 44 सेंटिमीटरचे किट 'कुर्स्क' या नावानेच विकले. त्यातला पुढचा भाग अर्थातच अखंड आहे. तेच प्लॅस्टिक 'स्मोलेन्स्क' किंवा 'ओरेल' या जुळ्या पाणबुड्यांनाही चालले असते. थडग्याचे खेळणे केले, असा आक्षेप यावर घेता येतो. पण तो प्लॅस्टिकवर घेता येत नाही, खोक्यावरच्या नावावर घ्यावा लागतो. आणि त्याच नावाने स्मारकेही उभी राहतात, त्यामुळे आक्षेप वाटतो तितका सरळ राहत नाही.

भारतीय हौशी बांधणाऱ्यापुढे हाच प्रश्न 'किलो' या वर्गातल्या पाणबुडीच्या किटने उभा राहतो. 1:350 मध्ये ही पाणबुडी सुमारे 21 सेंटिमीटरची. भारताने या वर्गाच्या 10 पाणबुड्या घेतल्या. सगळ्यांची नावे 'सिंधु'ने सुरू होतात आणि बाह्य आकार जवळपास एकच आहे. यांपैकी 'सिंधुरक्षक' 14 ऑगस्ट 2013 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत स्फोट होऊन धक्क्यालाच बुडाली. आतले 18 जण मेले. काळा रंग वाळल्यावर, लाकडी पाटावर स्क्रूने मॉडेल बसवल्यावर, पाटावरच्या पट्टीवर दहांतले कोणतेही एक नाव लिहिता येते, किंवा पट्टी कोरी ठेवता येते.