गोड द्राक्षारस आणि आपला आग्रह

एखाद्या माणसाला काय आवडते, हा नीतीचा प्रश्न होऊ शकतो काय? बहुतेक जण नाही असेच म्हणतील. कारले आवडणे हे सद्गुणाचे लक्षण नव्हे आणि श्रीखंड आवडणे हा दुर्गुण नव्हे. मीही बरीच वर्षे असेच मानीत आलो. परंतु फिलिपाइन्समध्ये काढलेल्या सात वर्षांत गोड वाईनच्या निमित्ताने या प्रश्नाने माझा जो पिच्छा पुरवला, तो मायदेशी परतून इतका काळ लोटला तरी सुटलेला नाही.

मनिलाच्या दक्षिणेस, माकिलिंग पर्वताच्या पायथ्याशी लॉस बान्योस नावाचे गाव आहे. १९६० साली तेथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली आणि जगभरची माणसे त्या लहानशा गावात येऊन राहू लागली. नोकरीच्या निमित्ताने मीही त्यांतला एक झालो. ज्याचे बालपण वसईच्या खाचरांत गेले, त्याला तिथली चिखलणी परकी वाटण्याचे कारण नव्हते. आपली माडी तिथे 'तुबा' या नावाने भेटली, आपले जांभूळ 'दुहात' या नावाने. नव्हते ते एकच. नाताळात आमच्या घरी जी वाईन निघत असे, तिच्या चवीचे काही तिथे मिळेना.

आमची आई ती वाईन चिनी मातीच्या बरणीत घाली. काळी द्राक्षे, साखर, मूठभर गहू, यीस्ट, दालचिनीचा तुकडा. एकवीस दिवस रोज लाकडी डावाने ढवळायचे आणि मग गाळून बाटल्या भरायच्या. ती इतकी गोड असे की पाहुण्यांच्या पेल्यांच्या तळाशी मुंग्या लागत. वाईन म्हणजे हीच, अशी माझी पक्की समजूत. लॉस बान्योसला युरोपीय सहकाऱ्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा पहिल्यांदा कोरडी, तुरट तांबडी वाईन पुढे आली. मी एक घोट घेतला आणि "उत्तम आहे" असे म्हणालो. पुढे दोन वर्षे मी तेच म्हणत राहिलो. गोड वाईन ही मुलांची, बायकांची आणि अडाण्यांची, असे तिथे कोणी उघड बोलत नसे. पण ते सर्वांना ठाऊक होते, आणि मलाही ते ठाऊक असल्याचे मला दाखवायचे होते. खोटे बोलणे पाप आहे हे आपण पहिल्या कबुलीजबाबापासून शिकतो. मात्र जिभेने घेतलेल्या चवीविषयी त्याच जिभेने केलेले खोटे आपण कधी मोजत नाही.

अखेरीस गोड वाईन शोधण्याचे ठरवले, ते तेवढ्यासाठीच. शोध वाटला तितका सोपा नव्हता. द्राक्षवेलीला हिवाळ्याची विश्रांती लागते; विषुववृत्ताजवळच्या दमट प्रदेशात ती मिळत नाही, म्हणून वाईन समुद्रापलीकडून येते. आल्यावर ती दुकानाच्या फळीवर महिनोन् महिने तीस अंशांच्या उष्म्यात उभी राहते. वाईनला बारा-चौदा अंशांची गारवाट जागा मानवते. इटलीतील मोस्कातो दास्ती ही अवघी पाच टक्के मद्यार्काची, फुलासारखी नाजूक वाईन. मी आणलेली पहिली बाटली उघडली तर उकडलेल्या फळासारखा वास आला आणि बुडबुडे तर जणू वाटेतच उतरून गेले होते. फ्रान्सची सोतेर्न आणि हंगेरीची तोकाय यांची किंमत पाहूनच परत फिरलो. बुरशीने सुकवलेल्या एकेका मण्याला वेचून त्या करतात, तेव्हा त्या महागच असणार. पण एका बाटलीला आमच्या घरी काम करणाऱ्या बाईच्या कित्येक दिवसांची मजुरी मोजणे मला जमले नाही. (यात सद्गुण किती आणि कंजूषपणा किती, हे माझी पत्नी अधिक अचूक सांगेल.)

उष्णतेत टिकते ती बळकट वाईन. पोर्तुगालमध्ये पोर्ट करताना रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचाच अर्क घालतात. किण्वन थांबते, साखर शिल्लक राहते आणि मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास जातो. मदेइरा बेटाच्या वाईनची कथा तर याहून मजेदार आहे. जहाजांच्या तळघरांत उष्ण कटिबंध ओलांडून आलेली पिंपे अधिक चवदार निघतात हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले, आणि मग घरीच मुद्दाम तापवून ती करण्याची रीत पडली. जो उन्हाळा इतर वाईनचा नाश करतो, त्यानेच हिला घडवले.

आणि मग एके दिवशी वाणसामानाच्या दुकानात, व्हिनेगर आणि सोया सॉस यांच्या शेजारी, 'मोंपो' दिसली. स्पेनमधून येणारी ही मिस्साची गोड वाईन त्या देशात वेदीवरही असते आणि दुकानातही. मला क्षणभर चोरी केल्यासारखे वाटले. वास्तविक अभिषेकापूर्वी ती केवळ वाईन असते. ती द्राक्षांचीच असावी आणि बिघडलेली नसावी, एवढी धर्मसभेची अट. वाईन टिकावी म्हणून द्राक्षांचाच अर्क मिसळण्यास रोमने १८९६ मध्ये मुभा दिली, तीही एकूण मद्यार्क अठरा टक्क्यांवर जाऊ नये या मर्यादेत. दूरदेशी जाणाऱ्या पिंपांची काळजी त्या नियमात दिसते. आपल्या मराठीत आपण तिला 'द्राक्षारस' म्हणतो, हा शब्द मला नेहमीच थोडा फसवा वाटत आला आहे. रस म्हटले की उसाचा आठवतो, आंब्याचा आठवतो. अठरा टक्के आठवत नाहीत.

मोंपो थंड करून, लहान पेल्यात, जेवणानंतर घेतली. आवडली. तसे मी पुढच्या मेजवानीत सांगूनही टाकले. कोणी हसले नाही. एका वयस्क जर्मन सहकाऱ्याने तर आपल्यालाही गोडच आवडते असे हळूच सांगितले. त्यानंतर मी धीट झालो. तांदळापासून कोर्दियेराच्या डोंगरांतील लोक जी 'तापुय' करतात ती चाखली: 'बुबोद' नावाच्या विरजणाच्या चकत्यांनी आंबवलेली, गोडसर-आंबट. आयुष्यभर तांदळाचे दाणे मोजणाऱ्या माणसाने तांदळाच्या वाईनला इतकी वर्षे तोंड लावू नये, याची लाज वाटली. इलोकोस भागात उसापासून 'बासी' होते. स्पॅनिश सरकारने ती घरी करण्यास बंदी घातली, तेव्हा १८०७ मध्ये लोकांनी बंड केले होते. परदेशी राहणारा माणूस आपली चव शोधत फिरतो आणि दारातली चव ओळखायला त्याला वर्षे लागतात.

सुखाचा उपभोग घेणे गैर नाही, हे मी संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून शिकलो होतो. त्यांनी असंयमाला दोष मानले तसेच, अॅरिस्टॉटलला अनुसरून, सुखाविषयीच्या जडपणालाही दोष मानले. निसर्गाने ज्या कार्यांना आनंद जोडून दिला, तो आनंद विनाकारण झिडकारणे हे सद्गुणाचे लक्षण नव्हे. मला हे फार पटले. मनाला जे हवे असते ते पटायला वेळ लागत नाही.

बाटल्या वाढल्या, तेव्हा त्या आडव्या ठेवण्यासाठी फडताळ करायला मी आमच्या वसाहतीतल्या एका सुताराला बोलावले. मी त्याला 'कुया', म्हणजे दादा, म्हणत असे. घरातील सर्वांत थंड भिंत त्यानेच हात लावून शोधून काढली. चार दिवसांनी काम संपले. नाताळ जवळ आला होता, बाहेर काठ्या-कागदांच्या चांदण्या लागल्या होत्या. मी पोर्टची बाटली उघडली आणि पेला त्याच्यापुढे केला. तो म्हणाला, "नको, सर." मी म्हटले, "अरे, ही गोड आहे. आमच्याकडे नाताळात लहान मुलेसुद्धा घेतात." तो पुन्हा नको म्हणाला. मी पुन्हा आग्रह केला. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचे आणि यजमानाने तिसऱ्यांदा वाढायचे, हीच रीत. त्यांच्याकडे 'हिया' आहे: मोठ्या माणसाचे मन मोडण्याची लाज. तिसऱ्यांदा त्याने पेला घेतला. मग दुसराही घेतला.

त्याने अडीच वर्षे दारूला स्पर्श केला नव्हता. हे मला आठवड्याने, त्याच्या पत्नीकडून कळले. तोवर तो गावातल्या कोंडाळ्यात, एकच पेला फिरवून पिणाऱ्या मित्रांत, परत जाऊन बसला होता.

मी त्या रात्री हिशेब मांडला. शंभर मिलिलीटर पोर्टमध्ये सुमारे वीस मिलिलीटर मद्यार्क असतो. बिअरच्या एका लहान बाटलीत असतो त्याहून अधिक. बिअर पुढे केली असती तर तो कदाचित ठामपणे नाही म्हणू शकला असता, कारण तिला नाही कसे म्हणायचे हे तो शिकला होता. गोड पेल्याला नाही म्हणण्याचे कारण मीच काढून घेतले होते. पत्नीने एवढेच विचारले, "अहो, पण तुम्ही तिसऱ्यांदा का म्हणालात?"

पुन्हा अक्वायनस उघडले. द्राक्षारस पिणे स्वभावतः निषिद्ध नाही, असे ते म्हणतात. पण पिणाऱ्याला तो सहज अपाय करीत असेल, त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल, तो मर्यादा सोडत असेल, किंवा त्याच्या पिण्याने इतरांना अडखळण होत असेल, तर तो निषिद्ध ठरतो. सारे पिणाऱ्याविषयी. ओतणाऱ्याचे काय? संदेष्टा हबक्कूक शेजाऱ्याला पाजणाऱ्याचा धिक्कार करतो खरा. पण तो पाजणारा शेजाऱ्याची विटंबना पाहू इच्छितो. माझ्या मनात तर प्रेमच होते. संत पौल रोमकरांना लिहितो की बंधू अडखळणार असेल तर द्राक्षारस न पिणेच बरे. परंतु मला तो अडखळेल हे ठाऊक नव्हते, आणि 'ठाऊक नव्हते' या शब्दांत मी अनेक दिवस आसरा घेतला. तो आसरा टिकला नाही. त्याने दोनदा सांगितले होते. ते नकार मी शिष्टाचार समजलो, कारण तसे समजणे मला सोयीचे होते. माझी आवड त्याने वाटून घ्यावी, गोड वाईन हलकी नसते असे आणखी एका माणसाने म्हणावे, हे मला हवे होते. दोन वर्षे मेजवान्यांत मी जे खोटे बोललो त्याची भरपाई मी एका सुताराकडून करून घेत होतो.

यावरून वाईन टाकून द्यावी, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. तसे करणे म्हणजे दोष बाटलीच्या माथी मारणे झाले असते. मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तो म्हणाला, "सर, पेला तुम्ही दिला, पण हात माझा होता." त्याचे हे औदार्य होते की सत्य, हे मला ठरवता येत नाही. सात-आठ महिन्यांनी, धर्मग्रामातील काही माणसांच्या सोबतीने, तो पुन्हा सावरला.

पुढच्या नाताळात तो पत्नीमुलांसह आमच्याकडे आला. मी फडताळावर चादर टाकून ठेवली होती आणि सर्वांसाठी कालामान्सीचे सरबत केले होते. त्याने चादरीकडे पाहिले, उठून ती काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली आणि एक खण थोडा सैल झाला होता तो बोटाने दाबून पाहिला. मग म्हणाला, "तुम्ही घ्या ना, सर. तुम्हाला आवडते." मी नको म्हटले. त्याने पुन्हा घ्या म्हटले. मी घेतली नाही. तो हसला, आणि आम्ही सरबत प्यायलो.