शंटिंगच्या इंजिनाचे आत्मवृत्त

आमच्या शाळेच्या मागे वीजकेंद्राची साइडिंग आहे. कोळशाची मालगाडी येते, तिचे मोठे इंजिन सुटून निघून जाते आणि उरलेले काम शंटिंगच्या एका काळपट डिझेल इंजिनाच्या गळ्यात पडते. भरल्या वाघिणी मोजून तोडायच्या, टिपलरपर्यंत ढकलायच्या, तिथे पालथ्या होऊन रिकाम्या झाल्या की पुन्हा ओळीला लावायच्या. रात्री काम नसले तरी त्याची धडधड चालूच असते. मला आता तिच्याशिवाय झोप येत नाही.

इंजिन डब्ल्यूडीएस-६ जातीचे. ही जात वाराणसीच्या कारखान्यात १९७५पासून बनू लागली. सहा सिलिंडर, सुमारे १,४०० अश्वशक्ती. मेलगाड्या ओढून नावाला चढलेले डब्ल्यूडीएम-२ याच आल्को कुळातले; त्याचे सिलिंडर १६ आणि अश्वशक्ती २,६००. सख्खे भाऊच म्हणा ना! एकाने देश पाहिला, दुसऱ्याने मैलभर रूळ.

हे इंजिन मला निष्काम कर्मयोग्यासारखे वाटे. म्हणून एका वर्षी मी आठवीला त्याचे आत्मवृत्त लिहायला दिले. मुलांनी अपेक्षेप्रमाणे 'सेवा हाच माझा धर्म' वगैरे लिहिले. एका सांधेवाल्याच्या मुलाने मात्र लिहिले, 'मला मुंबई पाहायची आहे. पण मला कोणी विचारत नाही.' मी दहापैकी चार गुण दिले. शेरा मारला, 'विषयाला सोडून'.

चार दिवसांनी बाप वही घेऊन आला. वाघिणी जोडताना त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली होती, हे मला ठाऊक होते. उरलेल्या बोटांत वही धरून तो म्हणाला, "गुरुजी, सहा मार्क कशाचे कापले तेवढं सांगा. भांडायला नाही आलो."

मला सांगता आले नाही.

अमेरिकेत १९३७ साली रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात ठरले, की इंजिन ९०,००० पौंडांचे किंवा त्याहून जड असेल तर चालकाच्या जोडीला फायरमन हवाच. १९४०पासून जनरल इलेक्ट्रिकने शंटिंगसाठी ४४ टनांची, म्हणजे ८८,००० पौंडांची इंजिने बाजारात आणली. दोन हजार पौंडांत एका माणसाची भाकरी बसली! डिझेलच्या इंजिनात आग कुठली, मग आगवाला कशाला, हा मालकांचा प्रश्न खोटा नव्हता. पण तो प्रश्न त्या फायरमनच्या घरी चुलीपाशी बसून विचारायला हवा होता. अशा वेळी कोणाचे बरोबर, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

एवढे मात्र कळते, की गीता अर्जुनाला सांगितली, रथाच्या घोड्यांना नव्हे. धनुष्य खाली ठेवण्याची ज्याला मुभा होती, त्याच्याच निष्कामतेला अर्थ. ज्याला फाटक ओलांडूच दिले नाही, त्याच्या समाधानाची आरती आपण ओवाळतो, ती कोणाच्या सोयीसाठी? मी स्वतः वीस वर्षे याच शाळेत आहे. बदली मागता आली असती, मागितली नाही. मी आणि तो सांधेवाला एकाच मापाने कसे मोजले जाऊ?

वही त्याने परत नेली नाही. ती माझ्या कपाटात आहे. चाराचा आकडा मी दोनदा खोडायला घेतला. पण मुलगा तोवर शाळा सोडून गेला होता, आणि बाप अजून रात्रपाळीला त्याच इंजिनापुढे कंदील हलवत चालतो.