वाटेचा हक्क

रस्ता सोपा आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो कुणासाठी सोपा, हे सांगायचे राहून जाते. सावद्याहून चिनावलच्या बाजूने उत्तरेला निघाले की केळीच्या बागा हळूहळू मागे पडतात आणि सातपुड्याचा पायथा लागतो. तिथे डांबरी सडक सोडून जीप कच्च्या गाडरस्त्याला घातली, तर चालवायला फारसे कसब लागत नाही. मुरमाड चढ, कोरडा नाला, मधूनच साग, आणि संध्याकाळी धूळ उडवत परतणारी गुरे. शहरातले पाहुणे आले की आम्ही त्यांना इकडे आणतो. सगळे म्हणतात, किती सुंदर!

सुंदर आहेच. कुरआनच्या सूरह नहलमध्ये गुरे सकाळी चरायला नेताना आणि संध्याकाळी परत आणताना दिसणाऱ्या शोभेचा उल्लेख आहे. पण त्याच ठिकाणी गुरांपासून मिळणारी ऊब, अन्न आणि त्यांनी वाहिलेले ओझे यांचीही आठवण दिली आहे. शोभा आणि मेहनत तिथे वेगळी केलेली नाही. मौजेला निघालेला माणूस मात्र शोभा तेवढी डोळ्यांत साठवतो आणि मेहनत आडवी आली की हॉर्न वाजवतो.

ही वाट सहलीसाठी बांधलेली नाही. बैलगाडीच्या चाकांनी आणि गुरांच्या खुरांनी ती पाडली आहे. तडवी आणि पावरा गुराख्यांचा तो रोजचा कामावर जाण्याचा रस्ता आहे. पावसानंतर ओल्या काळ्या मातीतून जीप रेटली की खोल चाकोऱ्या पडतात आणि उन्हात विटेसारख्या कडक होतात. मौज तासाभराची, बैलाचा पाय मुरगळण्याची भीती पुढे कित्येक दिवसांची.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. सावद्याला गुरांचा बाजार भरतो. १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यातली दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. शेतीसाठी घेतलेला बैल घरी नेतानाही, नाव आमच्यासारखे असेल तर, कुणी वाटेत अडवील की काय अशी धास्ती वाटते. त्याच वाटेवरून जीप मात्र बिनघोर जाते. ही तक्रार रास्त आहे. पण आपल्या वाटेचा हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याच्या वाटेचा हक्क आधी ओळखायला हवा.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा इमानाचा भाग आहे, हे हदीसमधून आपण लहानपणीच शिकतो. दगड, काटा आपण उचलतो. कधी कधी ती वस्तू आपली गाडीच असते, हे लक्षात येत नाही.

म्हणून तिकडे जाऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. जरूर जावे. रस्ता ओला असेल तर गाडी सडकेवरच ठेवावी. कळप समोर आला तर बाजूला थांबून इंजिन बंद करावे, आणि शेवटचे वासरू पुढे गेल्यावर निघावे. गुराख्याला सलाम करावा. वाट त्याची आहे.