शोक करावा, वाटा बुडवू नये

सज्जनहो, कीर्तनकाराला जसे सप्ताहाचे बोलावणे येते तसे दहाव्याच्या प्रवचनाचेही येते. नदीकाठी पिंड मांडलेले, घरचे कर्ते मुंडण करून बसलेले, बायाबापड्या एका बाजूला. आणि आम्ही देहाच्या नाशिवंतपणावर बोलत असतो. या कामात माझी चाळीसएक वर्षे गेली. "रडू नका, आत्मा अमर आहे" एवढे सांगून मी पुष्कळ वर्षे मोकळा होत असे. वचन खोटे नव्हे. पण ते अशा वेळी फेकले की ऐकणाऱ्याला रडण्याचीसुद्धा लाज वाटू लागते.

संस्कृतात 'शुच्' असा एक धातू आहे. जळणे, उजळणे, दुःख करणे असे त्याचे अर्थ. त्यापासून 'शोक' शब्द होतो आणि निर्मळ या अर्थाचा 'शुचि' शब्दही त्यापासूनच होतो. आहे की नाही नवल? शोकाच्या पोटी निर्मळपणा आहे. मात्र तो खरा शोक पाहिजे. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये माउलींनी आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवरायांच्या नावचे अभंग आपण कार्तिकात गातो. त्यांत निवृत्तिनाथ शोकाने व्याकूळ झालेले दिसतात. थोरले बंधू तर खरेच, पण ज्ञानोबांचे सद्गुरूही तेच! त्यांना गहिवर आवरला नाही, तेथे तुम्हीआम्ही डोळे का लपवावेत?

आता कोणी म्हणेल, बुवा, रडायचे ते रडलो, पुढे काय? पुढे प्रपंच आहे, आणि तोही नेटका करावयाचा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांचे आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करावी; दाखल्याच्या चार प्रती जास्त घ्याव्यात, त्या पदोपदी लागतात. जमिनीवर वारसांची नावे लावण्यासाठी तीन महिन्यांचे आत गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपण ज्यांना तलाठी म्हणतो त्यांच्याकडे, वर्दी द्यावी. बँकेत ज्याचे नाव वारसदार म्हणून लावलेले असते त्याच्या हाती पैसा येतो, पण तेवढ्याने तो एकटा मालक होत नाही. खऱ्या वारसांचा तो विश्वस्त होय. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या स्वकष्टार्जितात मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांना सारखा वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला.

"दहाव्याच्या पारावर कागदांची भाषा कशाला?" अशी शंका येईल. तर देहूची कथा आठवा. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, हे आपण सारे सांगतो. पण त्याआधी काय घडले ते घाईत सुटून जाते. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, दादा, तुम्ही विरक्त झालात, माझ्या लेकराबाळांचे काय? तेव्हा तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबांच्या वाट्याची खते त्यांच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी डोहात टाकली. मायबापहो, वैराग्य करायचे ते आपल्या वाट्याचे. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावण्याचा अधिकार तुकोबांनीही घेतला नाही.

हीच कथा मी वर्षानुवर्षे सांगत होतो. आता माझी सांगतो. २००९ साली आमचे वडील गेले. तेराव्या दिवशी पाहुणे पांगण्याआधी मी धाकट्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले. डोळे भरलेले, तिने वाचले नाही, सही केली. दुपारी निबंधक कचेरीत जाऊन नोंदणीही उरकली. तिथेही ती काही बोलली नाही. मला वाटले, काम सुरळीत झाले. सहा वर्षांनी एका गावी खतांची ही कथा सांगता सांगता माझी जीभ अडखळली. टाळकऱ्यांनी विठ्ठलनाम धरून मला सावरून घेतले, म्हणून निभावले.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या घरी गेलो. तिचा वाटा बक्षीसपत्राने तिच्या नावे करतो म्हणालो. ती म्हणाली, "दादा, मागितली असतीस तर जमीन मीच सोडली असती. देतोस तर घेते. पण त्या दिवशी मी अण्णांसाठी रडायला आले होते, आणि तू मला कचेरीत नेलंस. आपण दोघं मिळून रडलोच नाही. ते आता कुठल्या कागदावर देशील?"

मला उत्तर सुचले नाही. जमीन तिच्या नावे झाली. ते देणे मात्र अजून माझ्या अंगावर आहे.

म्हणून दहाव्याला जातो तिथे आता दोन गोष्टी मागतो. नोंदी मुदतीत करा, पण सुतकात कोणाकडून हक्क सोडल्याची सही घेऊ नका. तो कागद पुढे कधी झालाच, तर सर्वांदेखत मोठ्याने वाचा आणि "नाही" म्हणायला माणसाला जागा ठेवा. दुसरे, तेरा दिवसांत एक संध्याकाळ सगळी भावंडे आईला मध्ये घेऊन बसा. गेलेल्याचे बोलणे, त्याचा राग, त्याची वारी, सगळे आठवा. हसू येईल, रडू येईल, दोन्ही येऊ द्या. शेवटी टाळ घ्या आणि नाम म्हणा.

'श्राद्ध' शब्द 'श्रद्धे'पासून झाला आहे. पिंडाला कावळा शिवला की नाही हे आपण पाहतो. घरातल्या कोणाच्या मनाला काय शिवले, तेही पाहत जावे. तेवढे झाले तर माणूस सुखाने गेला असे समजावे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.